पापुद्रे, भिंती आणि दहा नॅनोमीटर : प्रकल्प नोंदी

१२ मार्च

कोपऱ्यातलं टेबल अखेर मोकळं झालं. धातूंचे नमुने पाहायचा जुना मायक्रोस्कोप, दोन पोलरायझर, हिरवा एलईडी आणि एक कॅमेरा एवढं भांडवल. यातून केर मायक्रोस्कोप उभा करायचा आहे. १८७७ साली जॉन केर यांनी चुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा (ध्रुवण) किंचित वळते हे पाहिलं. आपण तेच करणार, फक्त लोखंडाच्या ध्रुवाऐवजी १० नॅनोमीटर जाडीची परमॅलॉयची फिल्म आहे आणि वळण एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या घरातलं आहे.

प्रश्न असा. परमॅलॉय, म्हणजे अंदाजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड या थराथरांच्या स्फटिकाच्या पापुद्र्यावर बसवलं तर त्यातले चुंबकीय डोमेन बदलतात का? डोमेन म्हणजे ज्या तुकड्यात सगळे चुंबकीय अणू एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत असा प्रदेश. दोन डोमेनच्या मधे भिंत. ग्राफीनवर (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) कोबाल्ट बसवला की चुंबकत्व फिल्मला लंब दिशेत उभं राहायला मदत होते, हे इतरांनी दाखवलेलं आहे. मॉलिब्डेनमसारखा जड अणू असला तर काहीतरी वेगळं दिसेल, ही माझी आशा. मॅडमनी (माझ्या गाइड) आशेच्या खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे.

२० मार्च

कॉइल. हेल्महोल्ट्झ जोडी, म्हणजे समोरासमोर दोन सारखी रिळं, त्रिज्या ४ सेंटिमीटर, प्रत्येकीत २०० वेढे. २ अँपिअरला मधोमध ९ मिलीटेस्ला मिळायला हवेत. परमॅलॉय एका मिलीटेस्लाच्या आत उलटतं, म्हणजे भरपूर झाले.

गुंडाळायला नागपूरच्या महाल भागातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानभर कूलरच्या मोटरी, पाय ठेवायला जागा नाही. मालक म्हणाला, "ताई, उन्हाळा लागून राहिला. आता हे असलं काम कोण घेते?" मी म्हटलं, दोनच रिळं आहेत. त्याने माझं रेखाचित्र उलटं धरून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात पंखा कुठं लागते?" पंखा लागत नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली असावी. रामनवमीच्या आधी देतो म्हणाला.

२ एप्रिल

कॉइल आली. वेढे मोजले नाहीत, रोध मोजला. दोन्हींत फरक नगण्य. महालातल्या माणसाचा हात आमच्या वर्कशॉपपेक्षा सरस आहे, हे वर्कशॉपमधल्या काकांना सांगितलं नाही.

जुन्या जाड परमॅलॉयवर पहिला लूप (क्षेत्र पुढे-मागे नेताना चुंबकत्व कसं उलटतं त्याचा आलेख) घेतला. वाकडा. शून्यापासून एका बाजूला सरकलेला. दिवसभर करंट सोर्सला दोष दिला, मग लक्षात आलं की पृथ्वी आहे. इथे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ०.०४ मिलीटेस्लाच्या आसपास, आणि आपला नमुना ०.२ मिलीटेस्लाला उलटतो. वीस टक्क्यांची चूक फुकट मिळत होती. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम केला. त्यात मागचं लोखंडी कपाट आपलं वेगळंच क्षेत्र लावत होतं. काका आणि मी ते ढकलून दाराशी नेलं. मॅडमच्या टेबलावर मनसरच्या खाणीतला मँगनीजचा दगड पेपरवेट म्हणून असतो, तोही उचलून लांब ठेवून पाहिला. त्याने काही फरक पडला नाही. लूप आता सरळ.

१४ एप्रिल

सुट्टी. दीक्षाभूमीकडचे रस्ते भरलेले, म्हणून सायकल आतून घेतली आणि तरीही विभागात आले. नुसतं टेप सोलणं केलं. २८ चिप.

२४ एप्रिल

पापुद्रे सोलायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: स्फटिकाचा कण चिकटपट्टीवर ठेवायचा, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये ग्राफीन असंच सोललं, आणि २०१० चं नोबेल आलं. माहीत असून हाताला यायला मात्र महिना गेला. जोरात ओढली की जाड ढेकळं येतात, हळू ओढली की गोंद राहतो. ज्युनिअर (एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा) माझ्यापेक्षा चांगलं सोलतो. विचारलं तर म्हणाला, आजीसोबत पापडाच्या लाट्या करून राहिलो होतो लहानपणी.

सिलिकॉनवर ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलं की एक थरही मायक्रोस्कोपखाली फिकट निळसर दिसतो. खात्री रामनवर (विखुरलेल्या लेझर प्रकाशाची मोजणी): दोन शिखरांमधलं अंतर एका थराला प्रति सेंटिमीटर १८–१९ असतं, जाड स्फटिकाला २५. आज सहा चिप निवडल्या. तीनवर एकेक थराचे तुकडे आहेत, बाकींवर लांबट जाड पट्ट्या. जाड पट्ट्या मी टाकून देणार होते. मग वाटलं, तुलनेला होतील, राहू द्या.

६ मे

मुंबईहून परत. आयआयटीत बाहेरच्या संशोधकांना वापरता येणाऱ्या सुविधेत फिल्म बसवून आणली. जाताना संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस, चिपची डबी मांडीवर. समोरच्या काकूंना वाटलं सोनं आहे. दोनदा विचारलं, लग्न आहे का कोणाचं.

स्पटरिंग (आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवायची पद्धत) मुद्दाम टाळलं. स्पटरिंगमध्ये येणारे अणू काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आदळतात. एका थराच्या पापुद्र्यावर गारपीट केल्यासारखं. बाष्पीभवनात तेच अणू ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, पावसाच्या भुरभुरीसारखे. म्हणून बाष्पीभवन: १० नॅनोमीटर परमॅलॉय, वरून हवा लागू नये म्हणून ३ नॅनोमीटर ॲल्युमिनियम.

१७ मे

पहिली चित्रं. संपृक्त अवस्थेतलं (सगळं चुंबकत्व एकाच दिशेला वळलेलं असतानाचं) चित्र वजा करून मग क्षेत्र हळूहळू उलटं न्यायचं, म्हणजे धुळीचे डाग आणि दिव्याची असमानता निघून जाते आणि उरतं ते चुंबकत्व. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या भिंती सरकताना पाहिल्या आणि तासभर कोणाशी बोलले नाही. १९१९ मध्ये बार्कहाउझेन यांना लोखंडातल्या चुंबकत्वाच्या उड्या कॉइल आणि ॲम्प्लिफायरमधून खरखर म्हणून ऐकू आल्या होत्या. मला त्या दिसत होत्या. भिंत एका जागी अडकते, थांबते, मग टुणकन पुढे जाते.

पापुद्र्यावर कॉन्ट्रास्ट दीडपट! वहीत उद्गारचिन्ह मारलं, तसंच राहू दे, पण खाली कारण लिहिते. १० नॅनोमीटर धातू अपारदर्शक नसतो. प्रकाश त्यातून खाली जातो, पापुद्रा आणि ऑक्साइडवरून परत येतो, आणि कॉन्ट्रास्ट त्या परतीच्या प्रकाशावरही ठरतो. चुंबकत्व दीडपट झालेलं नाही, आरसा बदलला आहे. यापुढे प्रत्येक जागेचा लूप स्वतःच्याच संपृक्त मूल्याने भागायचा आणि फक्त आकार व क्षेत्र पाहायचं. किती उजळ, यावर एक शब्द लिहायचा नाही.

२६ मे

नवतपा. बाहेर ४५ च्या वर. कॉरिडॉरमधला मोठा कूलर सुरू झाला की चित्र थरथरतं, बंद केला की काका नाराज होतात आणि एलईडीही तापून सरकतो. शिवाय कूलरची ओलसर हवा नमुन्यांवर येते ती वेगळीच. काकांचा आणि माझा करार: दिवसा कूलर, रात्री मी. साडेआठ ते दोन. रात्रीच्या चित्रांमध्ये भिंतीची कड साफ दिसते. ५० पटीच्या लेन्सचं छिद्रमान ०.८, हिरवा प्रकाश ५३० नॅनोमीटर, म्हणजे ०.३३ मायक्रॉनपर्यंत वेगळं दिसावं, आणि रात्री जवळजवळ तेवढं दिसतंय.

१० जून

मिळालं. चिप ४, लांबट पापुद्रा, रुंदी सुमारे १० मायक्रॉन. क्षेत्र लांबीच्या दिशेत लावलं तर लूप चौकोनी, एका झटक्यात उलटणारा. नमुना ९० अंश फिरवला तर लूप तिरका, सावकाश, १ मिलीटेस्लाच्या आसपास जाऊन बंद होणारा. म्हणजे पापुद्र्यावरच्या परमॅलॉयला स्वतःचा सोपा अक्ष, म्हणजे चुंबकत्वाची आवडती दिशा, आहे, आणि त्याच चिपवरच्या मोकळ्या फिल्मला असा अक्ष दिसत नाही.

आणखी चार पापुद्रे तपासले. चारही तसेच. सोपा अक्ष दर वेळी पापुद्र्याच्या सरळ कडेला समांतर. मॉलिब्डेनम डायसल्फाइड सरळ तुटतं ते स्फटिकाच्या ठरावीक दिशांनाच, कडांमधले कोन ६० किंवा १२० अंशांचे येतात. म्हणजे परमॅलॉयला खालच्या स्फटिकाची दिशा कळते आहे!

रात्री दोनला मॅडमना मेसेज केला. पावणेसहाला उत्तर आलं: "छान. सकाळी बोलू. फार ठरवून टाकू नकोस."

१३ जून

मॅडमचा एकच प्रश्न. "ह्या स्फटिकाला तीन दिशा सारख्या आहेत. १२० अंश फिरवला तर तोच राहतो. मग त्यातल्या एकीलाच तो सोपी कशी ठरवेल?"

टंग्स्टन डायटेल्युराइडवर परमॅलॉयला असा एक अक्ष मिळतो हे प्रसिद्ध झालं आहे, पण त्याच्या स्फटिकातच एक दिशा वेगळी आहे. आपल्या स्फटिकात नाही. तीन सारख्या भावंडांतून एकाची निवड करायला बाहेरचं कोणीतरी लागतं.

मी म्हटलं, ताण. टेपवरून ओढताना पापुद्रा ताणला जात असेल. मॅडम म्हणाल्या, असेल, मोजून दाखव. बाहेर आल्यावर थोडा राग आला. मग तर्री पोहे खाल्ले.

२ जुलै

सिम्युलेशन. ममॅक्स-थ्री, गेन्ट विद्यापीठाचं सॉफ्टवेअर, मोफत. ४ नॅनोमीटरच्या पेट्या, १०२४ बाय १०२४, म्हणजे ४ मायक्रॉनचा चौकोन. पेटी एक्स्चेंज लांबीपेक्षा (ज्या अंतरात शेजारचे चुंबकीय अणू एकमेकांना एका दिशेत धरून ठेवतात) लहान हवी; परमॅलॉयला ती सुमारे ५.७ नॅनोमीटर येते, त्यामुळे चालतंय. मधल्या भागाला अक्ष दिला तर भिंती अगदी पडद्यावर दिसतात तशाच अडकतात. त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. मीच घातलेलं परत मिळालं.

आकडा मात्र उपयोगी निघाला. १ मिलीटेस्लाचा अक्ष म्हणजे घनमीटरला ४०० ज्यूल. कोबाल्टच्या स्वतःच्या स्फटिकी अक्षाच्या हजाराव्या भागाएवढा. म्हणजे मी ज्याला "परिणाम" म्हणते आहे तो चिमूटभर आहे, आणि चिमूटभर परिणाम कुठूनही येऊ शकतो. ताणाचाही हिशेब केला: मिश्रधातूचं प्रमाण ८०:२० पासून जरा ढळलं आणि फिल्ममध्ये ०.१ टक्का ताण असला, तर ३०० पर्यंत जातं. बसतं. खूश झाले आणि तिथेच थांबले. थांबायला नको होतं.

१९ जुलै

पाऊस. अंबाझरी भरून वाहतंय म्हणे, पाहायला वेळ नाही. दमटपणामुळे नवं सोलणं बंद. पापुद्र्याखाली बुडबुडे येतात.

एएफएमवर (सूक्ष्म सुईने पृष्ठभागाची उंची मोजणारा मायक्रोस्कोप) वेळ मिळाली, तीन तास. सुरकुत्या शोधायच्या होत्या, ताणाचा पुरावा म्हणून. चिप ४ वरचा तो लांबट पापुद्रा सपाट, काचेसारखा. एकही सुरकुती नाही. कडेची उंची १८ नॅनोमीटर, हा आकडा मी मोठ्याने वाचला, ज्युनिअर वहीत लिहीत होता. लिहिता लिहिता म्हणाला, "ताई, मग फिल्म त्याच्यावर चढली कशी? ती तर दहाचीच आहे ना?"

मी त्याला काहीतरी उत्तर देणार होते. दिलं नाही.

१० नॅनोमीटरची फिल्म १८ नॅनोमीटरच्या उभ्या पायरीवर चढत नाही. ती तुटते. खाली एक फिल्म, वर पापुद्र्याच्या आकाराचा सुटा तुकडा, दोघांमध्ये संबंध नाही. मी दोन महिने ज्याला "पापुद्र्यावरची फिल्म" म्हणत होते ती फिल्मपासून कापलेली लांबट पट्टी आहे. आणि लांबट चुंबकीय पट्टीला लांबीची दिशा सोपी असते, हे बारावीच्या पुस्तकातल्या सुईलाही माहीत आहे.

२० जुलै

झोप नीट लागली नाही, हिशेब केला. पट्टीच्या रुंदीच्या दिशेत चुंबकत्व वळवायचं तर कडांवर ध्रुव तयार होतात आणि विरोध करतात. ढोबळ मानाने विरोध म्हणजे संपृक्त चुंबकत्व गुणिले जाडी भागिले रुंदी: १ टेस्ला × १० नॅनोमीटर ÷ १० मायक्रॉन.

१ मिलीटेस्ला.

ढोबळच आहे, पट्टीच्या मध्यावर त्याहून कमी आणि कडेला जास्त भरेल. पण तोच आकडा जूनमध्ये लूपवर वाचला होता.

आणि स्फटिकाची दिशा? पापुद्रा स्फटिकाच्या दिशेत तुटतो, म्हणून पट्टीची लांबी स्फटिकाच्या दिशेत, म्हणून सोपा अक्षही. परमॅलॉयला खालचा स्फटिक कळत नव्हता. त्याला आपला काठ कळत होता, आणि काठाला स्फटिक. तीन भावंडांतली एक निवडणारं बाहेरचं कोणी म्हणजे माझी चिकटपट्टी. ज्या दिशेने ओढली त्या दिशेचा काठ लांब राहिला.

हे आधीच्या नोंदींत शोधता आलं असतं. २४ एप्रिलला एक थराचे तुकडे आणि जाड पट्ट्या असा भेद लिहिला आहे. १० जूनला जे पाच पापुद्रे तपासले ते पाचही जाड. का? जाड जास्त स्पष्ट दिसतात म्हणून. इंटरफेस, म्हणजे दोन द्रव्यांचा सांधा, वरच्या एका-दोन थरांचाच असतो, त्याला खाली आणखी पंचवीस थर आहेत की नाहीत याने काय फरक? परिणाम खरोखर सांध्यातला असता तर एक थरावरही तेवढाच दिसायला हवा होता. ती तुलना म्हणूनच तर पट्ट्या ठेवल्या होत्या आणि केलीच नाही.

२४ जुलै

केली. तीन चिप, एकेक थराचे सात तुकडे. पायरी ०.६५ नॅनोमीटर, फिल्म तिच्यावरून सहज जाते. सातही ठिकाणी लूप कोणत्याही दिशेत सारखा, भोवतालच्या फिल्मसारखाच. भिंती काठावरून सरळ पार होतात. एका ठिकाणी थांबली, पण तिथे गोंदाचा ठिपका आहे.

मॅडमना दाखवलं. बराच वेळ चित्रं पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे आधीच्यापेक्षा चांगलं काम आहे." मला तसं वाटत नव्हतं. ज्युनिअरचं नाव पेपरमध्ये जाणार, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. तो सध्या जाम भाव खाऊन राहिला.

२३ ऑगस्ट

आज मारबत, पुतळ्यांची मिरवणूक, सगळं शहर रस्त्यावर, इतवारीकडून विभागात पोचायला दीड तास. काळी-पिवळीसोबत "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडताना ज्युनिअरने "इंटरफेस घेऊन जा गे" असं जोडलं.

गेल्या आठवड्यात षट्कोनी बोरॉन नायट्राइडची चिप मुंबईहून आली. हा ताळा होता: बोरॉन नायट्राइड विजेला दुर्वाहक, अणू हलके, मॉलिब्डेनमचं स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनचं फिरणं आणि त्याचं चुंबकत्व यांची जड अणूंतली जोड) वगैरे त्याच्याकडे नाही. त्यावरही जाड लांबट पट्टीला सोपा अक्ष मिळाला तर प्रश्न मिटला. मिळाला. ८ मायक्रॉन रुंदीच्या पट्टीवर थोडा जास्त, १५ मायक्रॉनवर कमी. रुंदी वाढली की उतरतो, द्रव्य बदलून काही होत नाही. जवळजवळ चौकोनी तुकड्यावर सोपा अक्ष नाहीच, कडांना धरून गोल फिरणारे डोमेन दिसतात. लँडाऊ आणि लिफशिट्झ यांनी १९३५ मध्ये कागदावर काढलेल्या आकृतीची आठवण व्हावी असे. सुंदर चित्र आहे, नव्या प्रश्नाच्या कामाचं नाही.

८ सप्टेंबर

उरलं काय, ते मॅडमसोबत बसून लिहिलं.

चूक फक्त पायरीची नव्हती. सांध्याचा परिणाम पृष्ठभागावर असतो, त्याला फिल्मच्या जाडीने भागावं लागतं. १० नॅनोमीटर परमॅलॉयमध्ये माझा ४०० चा आकडा सांध्याच्या भाषेत चौरस मीटरला ४ मायक्रोज्यूल होतो, आणि प्लॅटिनम-कोबाल्टसारख्या नावाजलेल्या सांध्यात याहून शेकडो पट मोठे परिणाम असतात. म्हणजे सांधा छोटा असला तर १० नॅनोमीटरखाली तो बुडणारच, आणि एक थरावर काही दिसलं नाही याचा अर्थ "परिणाम नाही" असा नाही. "एवढ्या जाडीत माझ्या मायक्रोस्कोपला दिसत नाही" एवढाच. पेपरमध्ये वाक्य असंच जाणार. ते लिहायला माझी हरकत होती, चौथ्या मसुद्यात गेली.

पुढचा नमुना: कोबाल्ट, १ ते २ नॅनोमीटर, एक थराच्या मोठ्या तुकड्यांवर. चुंबकत्व लंब उभं राहिलं तर प्रकाश सरळ वरून टाकता येईल, संकेतही मोठा मिळेल. पट्टीच्या कडांचा त्रासही वेगळ्या प्रकारचा होईल, पण आता त्याची तोंडओळख आहे. काठाची उंची आणि फिल्मची जाडी आजपासून वहीत शेजारी-शेजारी लिहायची.

लंब क्षेत्रासाठी नवी कॉइल लागेल. महालात जाऊन आले. दुकान रिकामं, कूलरचा सीझन संपला. मालकाने ओळखलं. "पंखा नाही लागत ना ह्याच्यात?" नाही म्हटलं. गुरुवारी देतो म्हणाला.